निळीत धुतलेली टोपी

माझे अप्पा दारूच्या कारखान्यात आहेत, असं शाळेत सांगितलं की पोरं फिदीफिदी हसायची. मग मी चिडून सांगायची, प्यायची नव्हे, तोफेची! तीही साधीसुधी नव्हे, बिनधुराची. गोळ्याला आणि रॉकेटला पुढं ढकलणारी. आमच्या मुडबी गावात एवढं ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती आणि मला सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. आता मी कलबुर्गीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिथंही फार वेगळं चाललंय असं नाही.

कारखाना लांब होता. अप्पा तिथल्या कॉलनीत एकटे राहायचे आणि सुट्टी मिळाली की गावी यायचे. परत जायच्या दिवशी आम्ही मन्नाएखेळ्ळीला हायवेवर बसची वाट बघत उभे असू, आणि आई दर वेळी तेच म्हणायची, "अजून एक दिस ऱ्हावा की. काय कारखाना पळून जायलाय का?" अप्पा नुसते हसायचे. ते कधी रागवायचे नाहीत. आम्ही मायलेकी दोघी तापट, त्यामुळे हा त्यांचा दोषच आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं.

एकदा त्यांनी मला बीदरच्या किल्ल्यात नेलं. बुरुजावरच्या तोफेवर हात ठेवून त्यांनी जुन्या काळ्या दारूची गोष्ट सांगितली. सोरा, गंधक आणि कोळसा एकत्र कुटलेली ती दारू निम्मी तर धूर आणि काजळी होऊनच बाहेर पडायची. एक बार उडाला की तोफ चालवणाऱ्याला पुढचं काही दिसायचं नाही आणि शत्रूला मात्र तोफ कुठं आहे ते बरोबर दिसायचं. मग युरोपात लोकांनी कापूस आम्लात भिजवून बघितला.

"कापूस? आपल्या गादीतला?"

"व्हय, तसलाच. दिसायला कापूसच, पण जळला की राख न्हाई, धूर न्हाई."

नुसता तो कापूस भारी भडक. एका क्षणात जळायचा, बंदुकीची नळीच फाडायचा. त्याला मऊ करून, त्यात एक तेल मुरवून, कणकेसारखं मळून घेतल्यावर कुठं तो माणसाच्या ऐकण्यात आला. तेलही असं की नुसता धक्का लागला तरी स्फोट व्हावा. पण कापसात मुरलं की दोघंही शहाण्यासारखे वागतात, असं अप्पा म्हणायचे. तो गोळा साच्यातून दाबून त्याच्या शेवया पाडायच्या. रॉकेटसाठीच्या तर खांबाएवढ्या जाड, मधे आरपार भोक असलेल्या. ही दारू वरून आत थराथरानं जळते, म्हणून भोकं नीट पडली पाहिजेत. आतूनही जळत गेली तरच जोर शेवटपर्यंत टिकतो. हे सगळं ते आई पुरणपोळी समजावून सांगते तसं सांगत होते.

पण घरी आले की अप्पांना मानवायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छातीत कळ यायची, घाम फुटायचा, ते भिंतीला टेकून बसून राहायचे. कामावर परतले की पहिल्या दिवशी डोकं ठणकायचं आणि मग महिनोन्‌महिने ठणठणीत. गल्लीतले लोक थट्टा करायचे, "अण्णा, बायकोला बघून कळ येतीया काय?" आई वरवर हसायची, पण तिला ते फार लागायचं. आपलं घर नवऱ्याला सोसत नाही, ह्याहून मोठा अपमान तिच्या लेखी दुसरा नव्हता. तिनं प्यायचं पाणी बदललं, चुलीची जागा बदलली, भिंतींना नव्यानं चुना दिला.

आणि खरंच फरक पडला. अप्पांना घर मानवायला लागलं. चुन्याचा गुण, आई सगळ्यांना सांगायची. त्याच सुमाराला अप्पा एक टोपी घालून यायला लागले होते, कारखान्यातली, सुती, मूळची पांढरी, पण कडेनं पिवळट पडलेली. घरातसुद्धा डोक्यावर, झोपतानाही डोक्यावर. आईनं हात लावला की म्हणायचे, "राहू दे, धुऊ नको तिला." तिला वाटायचं, खेड्यातली बायको, तिला कामाच्या वस्तूत काय कळतं, म्हणून नको म्हणत असतील.

शेवटची सुट्टी बुद्धपौर्णिमेची. विहारात जायचं म्हणून घरात सगळ्यांचे पांढरे कपडे धुऊन निघाले होते. अप्पा आंघोळीला गेले तेव्हा आईनं ती टोपी उचलली, सोड्याच्या उकळत्या पाण्यात घोळली, खसाखसा घासली, निळीत बुडवली आणि कडक उन्हात टाकली. वाळल्यावर हातात दिली. अप्पांनी ती उलटून आतून बघितली, नाकाला लावली आणि म्हणाले, "लई झ्याक वास यायलाय. नवीच केलीस की गं." विहारात ते तीच घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी जायला निघाले तेव्हा आई नेहमीचं म्हणाली, अजून एक दिस ऱ्हावा की. ह्या वेळी अप्पा खरंच राहिले. त्या दुपारी भिंतीला टेकून बसले ते उठलेच नाहीत.

अप्पा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला कारखान्यातले एक काका आले. अप्पांच्याच विभागात होते. जेवणं झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "टोपी जवळ होती ना त्यांच्या?"

"आईनं धुतली होती."

ते खाली बसले. मग त्यांनी सांगितलं. दारूत मुरवायचं ते तेल कातडीतून, श्वासातून अंगात जातं. रक्तवाहिन्या सैल होतात, आधी डोकं फुटायची वेळ येते, मग शरीराला सवय होते. सवय झालेल्या माणसाला ते मिळेनासं झालं की वाहिन्या आवळून येतात. कामावर धडधाकट असलेली माणसं सुट्टीत दगावायची. म्हणून जुने लोक टोपीच्या पट्टीत ते थोडंसं मुरू देत आणि सुट्टीत ती डोक्यावर ठेवत. गेटवर झडती असते, असं काही बाहेर नेणं गुन्हा, म्हणून घरी कुणी बोलत नाही. मी त्यांचे हात धरले आणि म्हटलं, हे आईला सांगू नका. त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही.

पण आई मात्र सांगत राहिली. टोपी ट्रंकेत जपून ठेवलेली. कुणी आलं की काढून दाखवायची, "शेवटच्या दिसात माझं कौतुक करून गेले बघा. झ्याक वास यायलाय म्हणले." मी उठून स्वयंपाकघरात जायची. तिच्याजवळ अप्पांचं एवढं एकच वाक्य उरलं होतं, आणि मला त्या वाक्याची भीती वाटायची.

आता आई माझ्याकडे असते. मध्यंतरी तिच्याच छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची बारीक गोळी दिली, डोकं दुखेल म्हणाले. परवा दुपारी ती तूरडाळ निवडत बसली होती. कळ आली, मी गोळी दिली. कळ ओसरली आणि तिनं कपाळ दाबून धरलं.

"डोस्कं ठणकायलंय गं. तुझ्या अप्पाचं असंच ठणकायचं, कामावर गेल्या गेल्या. काय असतंय ह्या गोळीत?"

एखादं अवघड नाव सांगून वेळ मारून नेता आली असती. रोज वर्गात तेच करते. पण मी थकले होते. "अप्पांच्या कारखान्यात होतं तेच," मी म्हणाले, "अगदी थोडंसं."

ती डाळ निवडत राहिली. खडे बाजूला, डाळ बाजूला. मग हात थांबला.

"टोपीत पण हेच होतं?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यानंच झालं असं खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही, टोपीत असं कितीसं उरत असेल, असं काहीबाही बोलत सुटले. खरं होतं तेही. ती ऐकत नव्हती.

"त्यास्नी म्हाईत होतं?"

"होतं."

"मंग झ्याक वास यायलाय कामून म्हणले?"

"तू हौसेनं धुतली होतीस, आई. तुला वाईट वाटू नये म्हणून."

ती ताटाकडे बघत बसली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. मग अप्पा समोर बसल्यासारखी, अगदी रागानं म्हणाली, "रागवायचं की माझ्यावर. एकदा तरी रागवायचं. मीच तुम्हाला त्याच दिशी बसमदी बसवून दिलं असतं."