हंगामी बाई

स्वतःचा रजेचा अर्ज स्वतःच नामंजूर करणारं माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे, आणि ते माणूस रत्नागिरीत आम्हांला गणित शिकवत होतं. यात अतिशयोक्ती नाही. आमच्या गणिताच्या बाई तेव्हा कॉलेजच्या हंगामी प्राचार्यही होत्या. भाचीच्या लग्नासाठी गणिताच्या प्राध्यापिकेनं दोन दिवसांची रजा मागितली. प्राचार्यांनी अर्ज वाचला, शेरा मारला, 'परीक्षा जवळ आल्या आहेत, रजा देता येत नाही', आणि खाली सही केली. दोन्ही सह्या एकाच शाईतल्या. "बाई, स्वतःला तरी द्यायची होतीत," असं आमचे कारकून भीतभीत म्हणाले, तेव्हा बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आज स्वतःला दिली, तर उद्या तुम्हांला कोणत्या तोंडानं नाकारू?"

बाईंचा कागदावर विश्वास होता आणि तोंडी बोलण्यावर मुळीच नव्हता. वर्ग बदलायचा, अर्ज. ग्रंथालयात बसायचं, अर्ज. एकदा एका मुलीला तासाला उचकी लागली. पाणी पिऊन आल्यावर तिच्याकडूनही त्यांनी दोन ओळी लिहून घेतल्या. पण याची दुसरी बाजूही होती. कुणाचाही अर्ज असो, शिपायाचा असो की संस्थेच्या अध्यक्षांचा, त्याला त्याच दिवशी लेखी उत्तर मिळे. लहानपणी मालगुंडकडच्या आपल्या गावाहून त्या तरीच्या होडीतून खाडी ओलांडून शाळेला येत. पुढे मुंबईला गणिताच्या वर्गात त्या एकट्या मुलगी होत्या आणि त्यांचं बाक दाराजवळ वेगळं मांडलेलं असे. "तोंडी हो म्हणणारे पुष्कळ भेटले गं," त्या एकदा म्हणाल्या होत्या, "लिहून देणारा एकही नाही."

त्यांचं चालणं म्हणजे वादळ. छत्री कधी उघडत नसत. तिचं टोक आकृत्या काढायला लागे. भर बाजारात एखाद्या मुलानं शंका विचारली की बाई तिथंच थांबत आणि तांबड्या मातीत अन्वस्ताची वक्ररेषा काढायला लागत. बैलगाड्या खोळंबत. एक गाडीवान तर हसून ओरडला होता, "बाईनू, तुमचं चित्र पुसत नाय हां मी, बाजूनं जातंय!" बाईंनी मान वर न करता हातानं त्याला वाट दाखवली आणि सिद्धता पुरी केली.

आता हंगामीपणाची गोष्ट. आमच्या कॉलेजला प्राचार्य टिकत नसत. एक पुण्याहून आले; त्यांच्या कोटांना आणि पुस्तकांना बुरशी धरली, ते श्रावणातच परत गेले. दुसरे नागपूरचे, त्यांना समुद्राच्या आवाजानं झोप येईना. दर वेळी संस्थेचं मंडळ बाईंना म्हणे, "तेवढं तात्पुरतं बघा." बाई बघत. वेळापत्रक, परीक्षा, निकाल, गळकी कौलं, सगळं बघत. मग नवा माणूस आला की किल्ल्या त्याच्या हातात देऊन पुन्हा फळ्याकडे वळत. दोन्ही वेळा प्राचार्यपदासाठी त्यांनीही अर्ज केला होता, आणि तो फडताळात पडून राहिला होता. तिसऱ्यांदा जागा निघाली, तेव्हा कोल्हापूरच्या कुणा गृहस्थांचं नाव मंडळात घोळू लागलं.

माझ्या घरी वडिलांनी पोथ्यांच्या जागी चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे ठेवले होते. अन्याय दिसला की माझे हात शिवशिवत. कचेरीत गेले असताना कारकुनांनी बाईंचा अर्ज उचलून दाखवला. "ह्याही वेळी अपुरा. नोकरीतल्या माणसाच्या अर्जावर प्राचार्यांचा अभिप्राय लागतो. बाई तो रकाना कोराच ठेवतात. स्वतःबद्दल स्वतः काय लिहायचं, म्हणतात. अध्यक्षांना तेवढं निमित्त पुरतं."

मी तशीच आत शिरले. "बाई, हा अन्याय आहे!"

"अर्ज आणलास?"

मी बाहेर आले आणि कारकुनांच्या टेबलावर उभ्या उभ्या लिहिलं: 'हंगामी प्राचार्यांनी गणिताच्या प्राध्यापिकेच्या अर्जावर दोन वेळा अभिप्राय दिला नाही. इतर कोणाच्या बाबतीत त्यांनी असं केलेलं नाही. चौकशी व्हावी.' बाईंनी तो कागद दोनदा वाचला. त्यांच्या कपाळावरची शीर हलली. "मुद्दा बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि टाक उचलला.

मंडळाची बैठक वाचनालयात झाली. आम्ही मुली ओसरीवर, खिडकीखाली. अध्यक्ष होते एक जुने वकील. त्यांचा आवाज जेटीपर्यंत जाई. त्यांनी अभिप्राय मोठ्यानं वाचला: "'अर्जदार हट्टी आहेत. सभेत मध्येच बोलतात. दोन वेळा हे काम त्यांनी केले आणि कॉलेज एक दिवसही बंद पडले नाही. यांच्याहून योग्य उमेदवार माझ्या पाहण्यात नाही. शिफारस करते.' बाई, ही काय थट्टा? स्वतःच स्वतःची शिफारस?"

"नियमात प्राचार्यांचा अभिप्राय म्हटलंय. प्राचार्य कोण, ते तुमच्याच पत्रात आहे."

"अहो, पण तुम्ही हंगामी!"

"हंगाम आंब्याचा असतो, सहीचा नाही. माझी सही खोटी असेल तर मी दिलेले सगळे दाखलेही खोटे. ते आजच रद्द करू. पहिला कुणाचा काढू?"

वकिलांचा मुलगा बाईंच्या सहीच्या दाखल्यावर मुंबईला शिकायला गेला होता, हे गावाला ठाऊक होतं. मंडळात एक म्हातारे नाखवा होते, गलबतांचे मालक. त्यांची नात आमच्याच वर्गात, माझ्या शेजारी खिडकीखाली बसलेली. ते सावकाश म्हणाले, "वकीलसाहेब, पोराला मुंबईवरून परत बोलवताव, का बाईंना पत्र देताव? माझं गलबत तुफानातून ज्यानं काढलं, त्याला मी तांडेल करतो. बंदरात आल्यावर दुसरा शोधीत नाय."

आधी नाखवांची नात हसली, मग आम्ही सगळ्या, आणि मग आतून वकिलांचंच गडगडाटी हसू ऐकू आलं. त्या माणसाचा मोठेपणा असा की पत्र त्यांनी तिथंच, स्वतःच्या हातानं लिहिलं. 'हंगामी' हा शब्द त्यात नव्हता. शिपायानं अर्धा तास आधीच घंटा बडवली. सगळं कॉलेज अंगणात आलं, टोप्या उडाल्या, कुणीतरी माझ्या पाठीत धपाटा घातला. बाई पायऱ्यांवर आल्या, पत्र घडी करून हातात धरलेलं, आणि शिपायाला म्हणाल्या, "घंटा लवकर का झाली, ते लिहून दे."

कोकणात त्या वेळी कॉलेज चालवणारी दुसरी बाई मी तरी ऐकली नव्हती. मी आठ दिवस हवेत होते.

पुढच्या सत्रात कायम प्राचार्यांना तास घ्यायला वेळ उरला नाही, आणि आम्हांला गणिताला एक नवे तरुण सर आले. चांगले शिकवत. एका दुपारी ते फळ्यावर आकृती काढत होते. सहज बाहेर पाहिलं तर बाई ओसरीवर थांबल्या होत्या. हातात फायली होत्या, डोळे फळ्यावर होते, आणि ओठ सरांच्या थोडे पुढे पुढे पुटपुटत होते. मी हळूच उठून दाराशी गेले. "बाई, आत या ना."

त्यांनी एक पाऊल उचललं. मग फायली सावरल्या. "तास त्यांचा आहे," त्या म्हणाल्या. नेहमीच्या वेगानं निघाल्या, पण ओसरीच्या टोकाला पोचल्यावर क्षणभर थांबल्या. सरांचं उत्तर बरोबर आलं का, ते ऐकूनच वळल्या.