पंप पाण्यानं गेला

अप्पांनी आयुष्यभर ट्रक चालवला. निपाणीकडची तंबाखू घेऊन घाट उतरायचे, परत येताना मिळेल तो माल भरायचे. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा ट्रक विकला आणि आईला घेऊन माझ्याकडे बेंगळुरूला, जे. पी. नगरला आले. आल्यापासून एकच प्रश्न. ताट पुढं आलं की विचारायचे, "इथं माझं काय काम?"

भाजी आणणं, बिल भरणं सगळं फोनवर होतं. कानडी त्यांना येतं, पण उत्तरेकडचं; खालच्या मजल्यावरचे अण्णा ते ऐकून हसायचे, मग अप्पा जिन्यात बोलायचेच बंद झाले. एकदा मी आत असताना आईला म्हणाले, "तुझे गुडघे बरे झाले की जाऊ. पोरीकडं पाव्हणा म्हणून किती दिवस ऱ्हायचं?"

माझी गाडी मात्र त्यांना आवडायची. जुनी आहे, मी दुसऱ्याकडून घेतलेली. रोज सकाळी बॉनेट उघडल्याचा आणि बंद केल्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, पुसतायत.

मग एक दिवस ऑफिसला जाताना सिग्नलला तापमानाचा काटा वर चढला आणि खालून पाणी ठिबकायला लागलं. वॉटर पंप गेला होता. तोच तर इंजिन गार ठेवणारं कूलंट फिरवत ठेवतो. मी मेकॅनिकल इंजिनियर आहे, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. सरकारी कारखान्यात डिझाइनला आहे आणि पंपांचीच ड्रॉइंग करते. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. त्यासाठी मी आणि घरातल्या सगळ्यांनी पुष्कळ खस्ता खाल्ल्यात. ठरवलं, हा पंप मीच बदलणार.

बसवणार कोण म्हणून दुकानदारानं पार्ट देता देता विचारलं, "मेकॅनिक यारु, अक्का?"

"नाने," म्हटलं. मीच.

त्यानं पॅकिंगचं एक पाकीट जास्तीचं दिलं. फाटणार याची त्याला खात्री असावी.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये पाने मांडले. अप्पा प्लास्टिकची खुर्ची घेऊन शेजारी बसले.

"मेकॅनिकला बोलव की."

"मग मी शिकले कशाला?"

"हात काळं होऊ नयेत म्हणून शिकवली तुला," ते म्हणाले. पण खुर्ची पुढं सरकवली.

रेडिएटरचा खालचा पाइप सोडला आणि टबात गंजाचं पाणी पडायला लागलं, उकळून ठेवलेल्या चहासारखं. त्या जागी हिरवं कूलंट असायला हवं होतं. मी स्वतः भरून घेतलं होतं. बेल्ट काढला, पुली काढली, बोल्ट सैल केले, पंप हातात आला. आतली पाती कुरतडल्यासारखी झालेली आणि सगळीकडं पांढरा थर, आमच्या गीझरच्या कॉइलवर बसतो तसला. बोअरच्या पाण्याचा.

मी वर बघितलं. आई बाल्कनीत उभी होती.

"आई, गाडीत कुणी पाणी घातलं?"

"कुणी म्हंजे? हे रोज तांब्या घेऊन जातात की. तुळशीच्या आधी गाडीला."

अप्पा अभिमानानं म्हणाले, "मग! पाण्याबिगर गाडी पळती काय?"

त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या ट्रकला पाणीच लागायचं. घाट चढून आलं की रेडिएटरच्या टोपणावर ओलं पोतं टाकायचं, लांब उभं राहून टोपण फिरवायचं, वाफ गेली की ओढ्याचं पाणी ओतायचं. पाणी विसरणाऱ्या ड्रायव्हरला दुसरे ड्रायव्हर नावं ठेवायचे. अप्पा कधी विसरले नाहीत. इथंही, रोज थोडं थोडं करत, त्यांनी माझं कूलंट पातळ करून सगळं बोअरचं पाणी करून टाकलं होतं.

"कशानं गेला गं पंप?" त्यांनी विचारलं.

'जुना झाला होता' हे उत्तर जिभेवर आलं होतं. या शहरात त्यांचं म्हणावं असं हे एकच काम होतं. तेच नासलं असं कळलं तर ते बॅग भरतील, हे मला दिसत होतं. पण आमच्या घरात गोड करून सांगायची पद्धत नाही. मी इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी गणितात नापास झाले तेव्हा ते म्हणाले होते, "अभ्यास कमी पडला, दुसरं काय." तेवढंच. मी त्यावर उभी राहिले. त्यांना लहान मुलासारखं समजवायचा हक्क मला पदवीनं दिलेला नाही.

"पाण्यानं, अप्पा. ह्या गाडीला पाणी चालत नाही. बोअरचं तर नाहीच."

त्यांनी पंप घेतला. डोळ्यांजवळ नेऊन बघितला, दांडा फिरवला. करकर वाजला.

"म्हंजे मीच."

"पाणी, अप्पा."

"पाणी काय आपल्या पायानं आत गेलं?"

पंप खुर्चीवर ठेवून ते वर गेले.

मी जुनं पॅकिंग खरवडत बसले. मन लागेना, पण हात चालत होते. आतला गंज साफ पाण्यानं धुऊन काढला, नवा पंप बसवला, बोल्ट आवळले, बेल्ट चढवला. पॅकिंग फाटलं नाही. दुकानदाराला दाखवायला हवं होतं.

कूलंटचा डबा उघडला तेव्हा जिन्यात चपलांचा आवाज झाला. अप्पा आले, हातात लिंबू.

"ह्यात काय घालणार?"

मी डबा दाखवला.

"आनि हे कमी झालं तर?"

"कमी व्हायला नको. झालं तर कुठंतरी गळतंय. नवा पंप आहे, लक्ष ठेवायला लागेल. रेडिएटरजवळच्या ह्या बाटलीवर रेघ आहे बघा, गाडी थंड असताना बघायचं."

"घालायचं न्हाई?"

"न्हाई. नुसतं बघायचं. कमी दिसलं तर मला सांगायचं."

त्यांनी वाकून रेघ बघितली. "घालण्यापरास बघणं अवघड," म्हणाले, आणि डबा माझ्या हातातून घेऊन स्वतः ओतला. एक थेंब सांडला नाही.

गाडी चालू केली. पंखा लागेपर्यंत ते बॉनेटवर तळवा ठेवून उभे होते. मग चाकाखाली लिंबू ठेवलं आणि म्हणाले, "घे फुडं."

दुसऱ्या सकाळी बॉनेट वाजलं आणि खालून हाक आली, "रेघेवर हाय!"

"सगळ्या गल्लीला सांगा," आई म्हणाली.

आता तांब्या फक्त तुळशीला जातो. खालच्या अण्णांच्या गाडीचीही रेघ अप्पा बघतात; "सरी इदे," ठीक आहे, असं अण्णांच्याच कानडीत सांगतात.

आईचे गुडघे बरे झालेत. गेल्या महिन्यात अप्पा भावकीतल्या लग्नाला गावी गेले, बॅग जरा मोठीच होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच फोन.

"रेघ बघितलीस?"

मी अंथरुणातच होते. "बघते."

"गाडी तापायच्या आत बघ. परवा यायलोय मी, तवर तू बघ."