सक्शन बापू

उन्हातून आलेला माणूस पंख्यासमोर तोंड धरतो, तसे सक्शन बापू व्हॅक्यूम क्लीनरच्या मागच्या जाळीसमोर तोंड धरत. मोटरची गरम हवा जिथून बाहेर पडते तिथे. गादी, सोफा, पडदे सगळं झाडून झालं की मशीन चालू असतानाच ते गुडघे टेकून बसत, चष्मा कपाळावर चढवत आणि डोळे मिटून छाती भरून श्वास घेत. एक, दोन, तीन, असे दहा श्वास. मग उठून घरातल्या बाईंना विचारत, "मी खोकलंय?" बाई म्हणत, "नाय." "मगे? ह्या मशीन हवा साफ करून सोडता." कुडाळपासून मालवणपर्यंत ही युक्ती बापूंच्या नावाने ओळखली जाते. ती त्यांची नव्हती, माझी होती. हे सांगायला आता मीच तेवढी उरले आहे.

बापू वालावलचे. आधी वीस वर्षं मुंबईत एका गिरणीत आणि मग कुठे कुठे काम करून गावी परतले आणि एका कंपनीचं लाल मशीन दारोदार दाखवून विकू लागले. मी कुडाळची, तेव्हा सव्वीस वर्षांची, दुसऱ्या कंपनीचं निळं मशीन स्कूटरला बांधून फिरायचे. बोलताना दर दोन वाक्यांनी ते 'सक्शन' म्हणायचे, म्हणून बाजारात त्यांचं नाव सक्शन बापू पडलं. मला ते निळी म्हणत. "गो निळ्ये, आज कोणाकडे?" असं रस्त्याच्या पलीकडून मोठ्याने विचारत, आणि मी खोटा पत्ता सांगे. त्यांना तो खोटा आहे हे कळे आणि ते खऱ्या पत्त्यावर माझ्याआधी पोचलेले असत.

कुठल्याही घरात गेले की ते आधी माणसांकडे बघत नसत. दाराच्या चौकटीवर हात फिरवत आणि चार बोटं बाईंसमोर धरत. वर्षभर बंद असलेली घरं गणपतीच्या आधी उघडत, तेव्हा तर त्या बोटांवर लाल मातीचा थरच असे. बाई ओशाळून काहीतरी सांगू लागत, कामवाली येत नाही, सून मुंबईला असते. बापू शांतपणे म्हणत, "बाये, धूळ खोटा बोलणा नाय. माणूस बोलता." स्वतः मात्र नेहमी पांढरा शर्ट घालत आणि त्यावर धुळीचा कण दिसला तर दिवस फुकट गेला असं समजत.

मशीनचा खोका उघडण्याआधी ते गाऱ्हाणं घालत. खरंखुरं, देवळात घालतात तसं, हात जोडून. "बा देवा म्हाराजा, ह्या घराच्या राखणदारा, आज ह्या घरातली वर्षाची धूळ भायर पडतली. तेका कोण आडो येत असात, तर तेका बाजूक कर रे म्हाराजा." गाऱ्हाणं कानावर पडलं की आमच्याकडच्या माणसाच्या तोंडून आपोआप "व्हय म्हाराजा" निघतं. घरातली म्हातारी म्हणे, सून म्हणे, शेजारून बघायला आलेली पण म्हणे. तीनदा 'व्हय' म्हटलेल्या बाईला नंतर मशीन नको म्हणायला जड जातं, हे बापूंना पक्कं ठाऊक होतं. मी कंपनीचा छापील कागद वाचून दाखवत बसायचे आणि हात हलवत परत यायचे. मला त्यांचा असा राग यायचा की घरी आल्यावर जेवण जात नसे.

त्याच रागात मी ते बोलले. सावंतवाडीला एका मास्तरीणबाईंनी आम्हा दोघांना एकाच वेळी बोलावलं होतं. दोन्ही मशिनं शेजारी ठेवून काय ते ठरवू, म्हणाल्या. बापूंनी गादी झाडली आणि नेहमीप्रमाणे मागच्या जाळीवर पांढरा रुमाल धरला. रुमाल पांढराच राहिला. बाई मान डोलवू लागल्या. मी म्हटलं, "रुमाल कित्याक, बापू? इतकी खात्री आसा तर तोंड धरा मा." मला वाटलं, म्हातारा ओशाळेल. ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले, मग त्यांच्या डोळ्यांत अशी चमक आली की मला पुढचं कळून चुकलं. ते गुडघ्यावर बसले. मास्तरीणबाईंनी लाल मशीन घेतलं.

त्या दिवसापासून रुमाल संपला. महिनाभरात कोल्हापूरहून आमचे साहेब आले आणि मला म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला जमतं, तर तुम्हाला का नाही?" मग मीही तोंड धरू लागले. गरम रबराचा वास येई, दुसरं काही होत नसे.

हरल्या-जिंकल्यानंतर बापूंच्या मनात मात्र काही राहत नसे. कुडाळच्या स्टँडवर चहा पाजत आणि शिकवत. मशीनच्या आत एक जाड कागदी फिल्टर असतो. तो अगदी बारीक धूळ अडवतो, पण त्याबरोबर हवेलाही अडवतो. तो काढला की मशीनची ओढ वाढते आणि ती मोजायच्या यंत्राचा काटा झपकन पुढे जातो. ही युक्ती बापूंनी मला दिली. "डेमोक काढूचो, विकल्यावर परत घालूचो. गिऱ्हाईकाचा नुकसान काय नाय." पण त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मला बोट नाचवून बजावला होता. "जंय फिल्टर काढलंस, थंय तोंड धरू नको. दोनातला एकच." मी त्यांना तोंड धरायला शिकवलं, त्यांनी मला फिल्टर काढायला. चहाचा ग्लास हातात धरून आम्ही दोघं त्या दिवशी खूप हसलो होतो.

पुढे पांढऱ्या वाळूच्या कारखान्यांकडून बोलावणी येऊ लागली. आमच्या भागातली ही वाळू काच करायला बाहेर जाते. ती चाळतात, धुतात, सुकवतात, पोत्यांत भरतात, आणि भरण्याच्या शेडमध्ये पिठासारखी पूड हवेत तरंगत असते. एका शेटना तीन शेडसाठी मोठी मशिनं हवी होती. एवढी मोठी ऑर्डर आम्हा दोघांपैकी कोणीच आयुष्यात बघितली नव्हती. माझ्या साहेबांनी सांगितलं होतं, ही गेली तर तुम्हीही जा. बापूंनाही त्यांच्या कंपनीने तसंच काहीतरी सांगितलं असणार, कारण डेमोच्या सकाळी त्यांनी मला निळी म्हणून हाक मारली नाही.

शेट भला माणूस होता, हे मला मुद्दाम सांगायला हवं. तो म्हणाला, "ओढ तर बघूच, पण बाहेर पडणारी हवा साफ हवी. माझ्या कामगारांच्या छातीचा प्रश्न आहे." आधी ओढीची परीक्षा झाली. दोघांचे काटे जवळजवळ टोकाला गेले. ते तसे जाणारच होते, कारण दोन्ही मशिनांतले फिल्टर आम्ही घरीच काढून ठेवले होते. मग शेट म्हणाला, "बंद करू नका, चालूच ठेवा. आता ते तुमचं तोंड धरायचं दाखवा. मी ऐकलंय त्याबद्दल." कामगार भोवती गोळा झाले. मी बापूंकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे. दोघांपैकी कोणीही एक शब्द बोललं असतं तर तिथेच संपलं असतं. बापूंनी चष्मा कपाळावर चढवला.

मीही बसले. समोरून येणारी हवा दिसायला स्वच्छ होती, पण जिभेवर काहीतरी खरखरीत बसत होतं आणि ते गिळलं जात होतं. कामगार मोठ्याने आमचे श्वास मोजत होते; दहा कधीच होऊन गेले, पण आधी उठायला दोघंही तयार नव्हतो. सात-आठ मिनिटांनी मी उठले. बापू आणखी बराच वेळ बसून होते. शेवटी शेटनेच त्यांना खांद्याला धरून उठवलं. ते उभे राहिले, शर्ट झटकला आणि म्हणाले, "खोकलंय?" सगळे हसले. ऑर्डर लाल मशीनला गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "गो, नाकातसून पांढरा येता. तुझ्या?" मी म्हटलं, "माझ्याय येता." "दोन दिसांनी जायत," म्हणाले, आणि फोन ठेवला.

एका कारखान्यात झालेलं दुसऱ्याला कळतं. मला आणखी दोन ठिकाणी बोलावलं, म्हणून साहेबांनी तेवढे दिवस ठेवलं; दोन्हीकडे मी तसंच केलं आणि दोन्हीकडे हरले. मग कंपनीने मला काढलं आणि मी सावंतवाडीला एका दुकानात मिक्सर विकायला उभी राहिले. बापू मात्र जिंकत गेले. दीड वर्ष ते शेडमागून शेड करत होते. मशीन विकल्यावर कामगारांना पटावं म्हणून पुन्हा दाखवायला जात. फिल्टर घरी राहत असे, कारण फिल्टर घातला की काटा मागे येई आणि लोक म्हणत, आधी तर जास्त ओढत होतं. त्यांना सगळे शाबासकी देत होते. त्या काळात ते मला एकदा बाजारात भेटले, तेव्हा दर चार पावलांनी थांबत होते आणि थांबायला कारण म्हणून दुकानांच्या पाट्या वाचत होते. मला ते कळलं होतं. मी काही बोलले नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

गेल्या वर्षी वालावलला त्यांच्याकडे गेले. घरापुढच्या खळ्यात खाटेवर बसले होते, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं. त्यांची बायको, काकी, मला आत स्वयंपाकघरात म्हणाली, "आधी उंबऱ्यार धूळ दिसली तर घर डोक्यार घेयत. आता बघतत आनी गप ऱ्हवतत." बाहेर येऊन बसले, तर बापूंनी मशीनकडे बोट केलं. "ह्येची डेमो कोणी दिल्यान नाय. तसाच घेतला." वाक्य दोनदा तुटलं. छातीत धूळ बसली आहे, ती आता निघायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी मनाशी ठरवून गेले होते, त्याप्रमाणे सांगायला सुरुवात केली. मास्तरीणबाईंचं घर, रुमाल, माझं ते बोलणं. त्यांनी हात वर केला. "ता माका म्हायत आसा. तू म्हटलंस खरा. पण तोंड माझा होता." एकाएकी ते पुढे वाकले. "निळ्ये, त्या शेटच्या शेडीत तुझ्याय मशिनात फिल्टर नव्हतो मा?"

"नव्हतो, बापू."

"पुढच्या दोन कारखान्यात?"

"नव्हतो."

त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांच्याकडे बघवेना. एवढ्या वर्षांत ते मला घाबरलेले कधी दिसले नव्हते, स्वतःच्या दुखण्यानेही नाही. "छातीचो फोटो काढलंस?" मी मान हलवली. "उद्याच्या उद्या जा. ओरोसाक जा, कुडाळाक जा, खंयय जा. माका कळव."

त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन येऊ लागला. आधी थोडं बोलत, नंतर एकच शब्द, "काढलंस?" मी सांगे, पुढच्या आठवड्यात जातंय. दुकानात गर्दी आहे, मुलीची परीक्षा आहे, डॉक्टर रजेवर आहे. शेवटच्या रविवारी त्यांना तो एक शब्दही नीट म्हणता येत नव्हता, मागून काकीच विचारत होती. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "काढलंय, बापू. साफ आसा. डाक्टर म्हणालो, काय एक नाय." पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग ते म्हणाले, "बरा झाला गो. बरा झाला." बुधवारी ते गेले. काकी सांगत होती, ते तीन दिवस त्यांनी शांत काढले, कोणावर चिडले नाहीत.

त्यांना मी आयुष्यात एवढी एकच गोष्ट पटवून देऊ शकले. फोटो मी अजून काढलेला नाही. आमचं दुकान पहिल्या मजल्यावर आहे, अठरा पायऱ्या. पावसाळ्यापर्यंत मी एका दमात चढत होते. आता अकराव्या पायरीवर थांबते, आणि मागून कोणी येत असेल तर मोबाईल काढून बघत असल्यासारखं करते.