कापलेल्या तारांना टेप

पोलिसांच्या नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले, पण निवृत्तीनंतर वारंवार आठवते ते एक साधे प्रकरण. रत्नागिरीजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये विजेवर चालणाऱ्या होडीच्या यंत्राच्या तारा कुणीतरी कापल्या होत्या. नावे कुणाचीच देत नाही. सगळी माणसे अजून इथेच वावरतात.

यंत्र शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांचे होते. पालीची एक मुलगी. बॅटरी आणि सर्किट तिचे. दाभोळचा एक मुलगा. दांडा, पाण्यात फिरणारा पंखा आणि ते होडीला बसवण्याचे काम त्याचे. त्याचे वडील बोटीवर, त्यामुळे पाण्याची जाण घरातलीच. डिझेलशिवाय होडी चालते म्हणून एका कंपनीचे लोक बघायला आले. त्यांनी सगळे प्रश्न मुलीला विचारले, यंत्राशेजारी फोटोही तिचाच काढला आणि पुढच्या चाचणीनंतर नोकरीचे बोलू, असे तिलाच सांगितले. मुलगा बाजूला उभा होता. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तो सगळ्यांदेखत तिच्याकडे बघत म्हणाला, "होडी आमची, पाणी आमचं आणि फोटो हिचा." त्यानंतर थोड्याच दिवसांत तारा कापल्या गेल्या.

फिर्याद द्यायला दोघांचे मार्गदर्शक प्राध्यापक आले. तरुण, नीटनेटका माणूस, त्याच महाविद्यालयात शिकलेला. खबरही लगेच मिळाली. त्या संध्याकाळी मुलाला वर्कशॉपकडे जाताना कँटीनवाल्याने पाहिले होते. इकडे महाविद्यालयाने कळवले की गुन्ह्यात नाव आले तर त्याला परीक्षेला बसता येणार नाही.

मुलाला ठाण्यात बोलावले. त्याची आई दाभोळहून येऊन बाहेरच्या बाकावर बसली होती. रडली नाही. हवालदारांना एवढेच म्हणाली, "रागीट हाय तो. पण केलेलं काम मोडायचा नाय."

मुलाने काही लपवले नाही. "गेलो होतो, साहेब. माझा पंखा सोडवून न्यायला. म्हटलं, चालव आता तुझं सर्किट बिनपंख्याचं."

"मग?"

"बोल्ट ढिले केले आणि परत आवळले. एवढं घासून बनवलेलं पातं, सोडवेना. तारांना मी हात लावला नाय."

हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, अर्धा तर कबूलच झाला." मी म्हटले, अर्ध्या कबुलीवर पुरता माणूस आत टाकता येत नाही.

मी पुन्हा जागेवर गेलो. पंचनाम्यातल्या गोष्टी एकेक करून ताडून पाहायची माझी पद्धत आहे. कुलूप शाबूत होते. चावी विभागात खिळ्याला टांगलेली, कुणीही न्यावी. पंखा जागेवर होता. सर्किटचे कार्ड मात्र गायब. आणि कापलेल्या प्रत्येक तारेच्या उघड्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती. रागाने मोडतोड करणारा माणूस मागून येणाऱ्याला शॉक लागू नये याची काळजी घेत नाही. शिवाय प्रत्येक टेपचा शेवट दुमडलेला होता, म्हणजे सोडवणाऱ्याला नखाने उकरत बसायला नको.

बॅटरी मुद्देमाल म्हणून ठाण्यात न्यायची होती. प्राध्यापक म्हणाले, मी सोडवून देतो. त्यांनी सफाईने तारा काढल्या, टोकांना टेप गुंडाळली आणि बोलता बोलता तिचा शेवट दुमडला. मुलगी तिथेच होती. मी तिला बाहेर नेऊन विचारले, टेपचा शेवट तुम्ही सगळे असाच दुमडता का?

"सर पहिल्यापासून सांगतात," ती म्हणाली. "पण कोण करतंय? रोज ओरडा खातो आम्ही."

विभागात चौकशी केली तेव्हा कळले की प्राध्यापकांनी विद्यार्थी असताना हाच प्रकल्प केला होता आणि तो फसला होता. त्यांच्या खोलीत जाऊन मी दोन फोटो टेबलावर ठेवले; एक कापलेल्या तारांचा, एक त्यांनी सोडवलेल्या बॅटरीचा. त्यांनी दुमडलेल्या टेपवर बोट ठेवले.

"माझी होडी जागेवर गोल फिरत राहिली होती," ते म्हणाले. "हिची सरळ गेली. कंपनीवाले आले तेव्हा मी पाण्याच्या बाटल्या धरून उभा होतो. मी कोण, हेसुद्धा कुणी विचारलं नाही. फक्त पुढची चाचणी होऊ नये, एवढंच वाटलं. त्या मुलावर येईल असं मनात नव्हतं."

"आलं तेव्हा गप्प बसलात."



पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. कार्ड मिळणे गरजेचे होते. पंचांसमक्ष त्यांनीच ते घरच्या कपाटातून काढून दिले, मऊ कापडात गुंडाळलेले. मी विचारले, टाकून का दिले नाही?

"हात धजावला नाही. काम फार चांगलं आहे."

गुन्हा प्राध्यापकांवर नोंदला गेला, मुलाचे नाव त्यात आले नाही. तो परीक्षेला बसला. कार्ड न्यायालयाच्या ताब्यात अडकल्यामुळे दोघांनी मिळून नवीन तयार केले.

या प्रकरणाने मला मत्सराबद्दल एक शिकवले. परक्याचा मत्सर माणूस फारसा करत नाही. ज्याचे काम आपल्याला कळते, ज्याची किंमत आपण अचूक करू शकतो, त्याचाच करतो. म्हणून अशा गुन्ह्यात मी शत्रू शोधत बसत नाही. कामाची खरी कदर असणारा माणूस आधी शोधतो. आणि मत्सर वाटणे हा गुन्हा नाही. वर्कशॉपमध्ये त्या संध्याकाळी दोघेही तोच मत्सर घेऊन गेले होते. एकाने बोल्ट परत आवळले.

चाचणी भाट्याच्या खाडीत झाली. मी साध्या कपड्यांत बघायला गेलो होतो. मुलगी सर्किटपाशी, मुलगा सुकाणूवर. होडी सरळ गेली. किनाऱ्याला लागल्यावर कंपनीवाले पुन्हा मुलीभोवतीच जमले. मी मुलाला विचारले, अजून पोटात दुखते का?

"दुखतं की, साहेब," दोर बांधता बांधता तो म्हणाला. "पण आता तिला तोंडावर सांगतो."