बिनडोळ्यांची तोंडं

चीनमधल्या शेन्झेन शहराच्या कडेला आमचं चित्रकारांचं गाव. तिथे काओ देमाओला सगळे ‘तोंडवाला’ म्हणायचे. शिवी नव्हती ती, त्याच्या कामाचं नाव होतं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या लंडनच्या स्टेशनचं ते भलंमोठं चित्र आहे ना, वर लोखंडाचं नि काचेचं छप्पर, खाली फलाटावर ही झुंबड, त्या चित्राच्या हाताने रंगवलेल्या नकला आमच्या गल्लीतून कुठल्या कुठल्या देशांत जात. एकदम वीस कॅनव्हास भिंतीला लावायचे. वेइदादा छप्पर रंगवणार, लुओबाई इंजिन आणि धूर, आणि शेवटी देमाओ माणसांची तोंडं. अकरा वर्षं हेच. अख्खं चित्र तिघांतल्या एकालाही येत नव्हतं.

आणि दुसऱ्याच्या हाताकडे टक लावून बघायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. हातावरच पोट, मग ते बघणं म्हणजे चोरीच की. देमाओ आणि वेइदादा अकरा वर्षं पाठीला पाठ लावून बसले, एका डब्यातला तिखट मुळा खाल्ला, पण कामाच्या वेळी कुणी मान वळवली नाही.

त्या वर्षी गावच्या कमिटीने नकलांची स्पर्धा ठेवली. एकट्याने, एका दिवसात, पूर्ण चित्र. पहिल्या येणाऱ्याला शहराच्या रहिवासाचं पुस्तक. ज्या पोरांचं नाव गावाकडच्या पुस्तकावर, त्यांना इथली सरकारी शाळा दारात उभी करत नाही. देमाओची सुयुन बारा वर्षांची, दूर गावी, हुनान प्रांतात, आजीपाशी वाढत होती. गेल्या सहा वर्षांत बापाने तिला पाचदा पाहिलं होतं. वेइदादाचा मुलगा तेरा वर्षांचा, तोही तिकडेच, आजोबांजवळ. आणि स्पर्धेला चित्र निघालं ते नेमकं स्टेशनचं.

वेइदादानेच विषय काढला. दुपारी मालक घोरत पडतो, तेवढ्यात मी तुला छप्पर शिकवतो, तू मला तोंडं शिकव, इंजिन नि धूर आपण कसंही निभावू, म्हणाला. दोघांपैकी कुणीही जिंकलं तरी पुस्तक आपल्याच घरात आलं, असं त्याचं म्हणणं. असला भोळा माणूस आमच्या गल्लीत अकरा वर्षं टिकला कसा, याचंच मला नवल वाटतं.

त्याने काही म्हणजे काही हातचं राखलं नाही. छपराच्या साऱ्या रेघा जिथे मिळतात तिथे खिळा ठोकायचा, त्याला निळ्या भुकटीत घोळवलेला दोरा बांधायचा, ताणायचा आणि सोडायचा. सट्‌कन सरळ रेघ. चाळीस रेघा चहा निवायच्या आत. चौथ्या दिवशी त्याने स्वतःचा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला खिळा देमाओच्या हातावर ठेवला. आपल्यासाठी दुसरा घेतो म्हणाला.

मग देमाओची पाळी आली. फलाटावरची तोंडं शेंगदाण्याएवढी. त्यांना डोळे काढायचेच नसतात. खालचा तपकिरी रंग तसाच सोडायचा. कपाळ, नाक, गाल, असे तीन उजळ ठिपके टेकवायचे. उरलेली सावली दुरून डोळ्यांसारखी दिसते, बघणाऱ्याला डोळे काढलेत असंच वाटतं. एवढं उमगायला देमाओची चार वर्षं गेली होती. खरं सांगायचं म्हणूनच त्याने तोंड उघडलं होतं, हे मी त्याच्या बाजूने बोलतो. पण सुयुन डोळ्यांसमोर आली.

“दादा, आधी डोळे,” तो म्हणाला. “दोन काळे ठिपके. चांगले ठसठशीत. बाकीचं मग.”

वेइदादाने ते सिगारेटच्या पाकिटामागे लिहून घेतलं.

स्पर्धा शाळेच्या मैदानावर झाली. देमाओचं छप्पर दोऱ्यासारखं सरळ आलं. वेइदादाच्या स्टेशनात साठ माणसं एकजात डोळे वटारून परीक्षकाकडे बघत होती. परीक्षकाने बाकीच्या परीक्षकांना बघायला हाका मारल्या. हे गाडीला नाही, मढं उचलायला जमलेत, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळं मैदान खिदळलं. सगळे हसतायत म्हणून वेइदादाही हसला. देमाओ ब्रश धूत राहिला, मान वर न करता.

पुस्तक देमाओला मिळालं. भादव्यात सुयुन आली, गणवेश घालून शाळेत जायला लागली. वेइदादाने तिला कंपासपेटी आणली, झाकणावर हरीण असलेली. पोरीला आवडली ती. देमाओने ती दोनदा लपवून ठेवली आणि दोनदा पोरीने शोधून काढली.

वर्ष फिरलं आणि पुन्हा स्पर्धा लागली. वेइदादाचा मुलगा आता चौदाचा; या खेपेला पुस्तक मिळालं नाही तर तो इथल्या वरच्या शाळेला कायमचा मुकणार. एका दुपारी वेइदादा शेवयांचे दोन वाडगे घेऊन आला. सुयुन कोपऱ्यात गणितं सोडवत होती.

“देमाओ, माझा हातच जड आहे रे,” तो म्हणाला. “हात हलका व्हावा म्हणून वर्षभर ब्रश कापसात गुंडाळून धरला. तुझी तोंडं जिवंत वाटतात, माझी दगडाची. कुठे चुकतंय तेवढं सांग. पोरासाठी मागतोय.”

तीन ठिपक्यांचं काम. मिनिटभरही लागलं नसतं. पण आज खरं सांगितलं, तर गेल्या वर्षी काय सांगितलं होतं, तेही उघडं पडणार. देमाओने कोपऱ्यात पाहिलं. पोरीने हरणाच्या पेटीतून पेन्सिल काढली होती आणि ती टोक करत होती.

“तुझे डोळे फिके पडतात, दादा,” देमाओ म्हणाला. “अजून काळे कर.”

वेइदादाने खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं आणि लिहून घेतलं.