भात शिजायच्या आत

माझी बायको सुईण होती. मी चौथी शिकलेला, म्हणून वही माझ्याकडे. ती दिली होती नर्सबाईनं. जन्मल्यावर तासाभरात किती बाया लेकराले अंगावर पाजतात, ते तिले पाहिजे होतं. आमच्या गावात घड्याळ कुठचं? बायकोनंच तोड काढली. नाळ कापली की त्या घरच्या चुलीवर भात ठेवायचा. भात शिजायच्या आत लेकरू दूध प्यायलं तर मी बरोबरची खूण करायची, नाई तर फुली.

फुल्याच जास्त. पहिलं चिकाचं दूध पिळून फेकायचं अन् तीन दिवस लेकराले गूळपाणी चाटवायचं, हीच रीत होती. बायको घरोघरच्या सासवांशी भांडून येई.

मग तिचंच बाळंतपण आलं. धानाची कापणी चालू होती. पोरगी झाली. आतून तिनं हाक मारली, "जी, भात ठेवा."

मी ठेवला. माझी माय खोलीच्या दारात आडवी बसली. "ते दूध नासकं राह्यते. तीन दिवस थांब म्हनतो न."

"तुमी सांगा न मायले," बायको आतून म्हणाली. "तुमाले तर सगळं मालूम हाये."

मालूम होतंच. मी चुलीत काडी सारली. भात शिजला, मग करपला. पोरगी रडून रडून झोपली.

महिन्यानं नर्सबाई आली. "काय भाऊ, सुईणीच्या घरी तर फुली नसन?" म्हणून हसली. मले लाज वाटली. मी बरोबरची खूण केली.

बायकोले अक्षर येत नव्हतं, खुणा समजत. नर्सबाई गेल्यावर वही पाहून म्हणाली, "काऊन जी, करपलेला भात मी खाल्ला, अन् तुमी हे लिवलं?"

त्या दिवसापासून वही तिनं घेतली. खुणा कोळशानं स्वतःच करे. त्यावर पुन्हा कधी बोलली नाई. पोरगी मात्र वाढली, नांदायले गेली.

यंदा बायको गेली. तिच्या पेटीत वही सापडली. माझ्या त्या खुणेवर कोळशाची जाड फुली आहे.

आता एकट्यापुरता भात ठेवतो अन् शिजेपर्यंत चुलीपाशी बसतो. तेव्हा बोलायचं होतं ते मोठ्यानं बोलून पाहतो. "माय, सरक. पाजू दे तिले."

एवढंच होतं. खोलीत कोणी नाई.