ताईची किडनी आणि चौदा उरलेल्या गोळ्या

दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणारे म्हणून त्यांना सगळे काटेवाले म्हणत. काट्यात चिमूटभर फरक दिसला तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. गेल्या वर्षी थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, त्यांना स्वतःची एक किडनी दिली. दिली खरी, पण तिच्यावरचा हक्क काही सोडला नाही. "माझी किडनी भर उन्हात हिंडवू नकोस," असं ती फोनवर बजावायची. शरीराने ही पाहुणी हाकलून लावू नये म्हणून प्रतिकारशक्तीला गुंगीत ठेवणाऱ्या गोळ्या असतात. ताई त्या दर रविवारी येऊन मोजायची.

एका रविवारी चौदा जास्त निघाल्या.

"चौदा! अरे गाढवा, पोट फाडून किडनी दिली ती काय गोळ्या कपाटात साठवायला?"

काटेवाल्यांनी चहात बिस्कीट बुडवलं. ते तळाला गेलं, तरी हे बुडवतच राहिले.

"आता सांगून टाका," बायको म्हणाली, "नाहीतर मी सांगते."

मग उलगडा झाला. लहानपणी बहुतेकांच्या अंगात शिरणारा एक विषाणू किडनीत गुपचूप झोपून असतो. गोळ्यांनी प्रतिकारशक्तीचे पहारेकरी पेंगले आणि हा उठून बसला. रक्तात सापडला, किडनीही जरा मंदावली. म्हणून डॉक्टरीणबाईंनीच आठवड्यापूर्वी सकाळ-संध्याकाळ दोन-दोनच्या जागी एक-एक गोळी केली. पहारेकरी पेंगतच राहिले तर विषाणू किडनी खाणार. फार जागे झाले तर तेच तिला परकी समजून हाकलणार.

"आणि मला पत्ता नाही?"

"तुला वाटलं असतं, तुझ्याच किडनीतून आला."

ताईचा आवाज एकदम खाली आला. घराण्याच्या इतिहासात ही पहिलीच वेळ.

"माझ्यातूनच आला का रे?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणाचाही असेल. माझाही असेल."

"तुझाच! लहानपणी नाक माझ्या फ्रॉकला पुसायचास," ताई म्हणाली आणि पदराने तिने डोळे पुसले.

पुढचे तीन आठवडे काटेवाल्यांचं कशात लक्ष नव्हतं. एका दुकानाचा काटा त्यांनी चक्क दुसऱ्या दुकानात नेऊन बसवला. शेवटी रिपोर्ट आला, तेव्हा दवाखान्यात ताई त्यांचं मनगट धरून बसली होती.

"विषाणू खूप कमी झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किडनीही पूर्वीसारखी चालतेय. तपासण्या चालू ठेवू, पण आता घाबरू नका."

बायकोने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. काटेवाल्यांची नजर हळूहळू खोलीभर फिरली आणि कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर थांबली. उठून ते त्यावर उभे राहिले, उतरले, पुन्हा चढले.

"बाई, हा पाव किलो जास्त दाखवतोय. दुरुस्त करून किती दिवस झाले? पाना आहे का इथे?"

बायकोला हसू फुटलं. माणूस ताळ्यावर आला होता.

"काटा राहू दे," ताई उठत म्हणाली. "ऊन चढायच्या आत माझी किडनी घरी ने."